पडवीत जनरेटर नको

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, खाली दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब रस्त्यावर लोळले. वादळ काही तासांत घाट चढून पुढे गेलं. वीज यायला मात्र कित्येक गावांत आठवडे लागले. खांब, तारा, डीपी, सगळंच नव्याने उभं करायचं होतं. रस्ते झाडांनी अडलेले होते आणि वर कोरोनाची टाळेबंदी. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा इथे पुन्हा तीच तऱ्हा झाली.

अशा दिवसांत अंधार हा सगळ्यात लहान प्रश्न असतो. कंदील, मेणबत्ती, चार्जिंगची बॅटरी यांवर रात्र निघून जाते. खरी अडचण सकाळी उभी राहते ती पाण्याची. कोकणातल्या बऱ्याच घरांचं पाणी आता विहिरीवरच्या नाहीतर बोअरच्या पंपावर अवलंबून आहे. रहाट केव्हाच मोडीत निघाले. विहिरीतून दोर लावून चार घागरी तरी काढता येतात. दोनशे फूट खोल बोअरमधून काय काढणार? पाण्यानंतर नंबर लागतो मोबाइलचा. मग फ्रिजमधल्या इन्सुलिनचा आणि फ्रीजरमधल्या मासळीचा. या गरजांची यादी करून पाहिली की लक्षात येतं, यातलं काहीच चोवीस तास चालायला नको आहे. दिवसाकाठी तीन-चार तास वीज मिळाली तरी घर तरून जातं. नेमकं तेवढंच काम उचलून नेता येणारा लहान जनरेटर करतो. वादळानंतर त्याची मागणी वाढते ती म्हणूनच.

यंत्र विकत घेणं, पेट्रोल ओतणं आणि दोरी ओढणं हे कुणालाही जमतं. जनरेटर कुठे ठेवला आणि घराला कसा जोडला, या दोन गोष्टींवर मात्र माणसं जगतात किंवा मरतात. आणि नेमक्या याच दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. खोक्यातल्या इंग्रजी पुस्तिकेत त्या लिहिलेल्या असतात, पण ती पुस्तिका वाचतो कोण?

आधी यंत्राकडे पाहू. स्कूटरच्या इंजिनाएवढं पेट्रोलचं इंजिन आणि त्याच आसावर बसवलेला अल्टरनेटर, एवढाच हा संसार. साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारतं, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला ती द्यायची तर एवढेच फेरे लागतात. त्यामुळे लावलेला भार एक दिवा असो की पंप, इंजिनाला त्याच वेगाने पळत राहावं लागतं. नव्या पद्धतीचा इन्व्हर्टर जनरेटर हे बंधन मोडतो. त्यात तयार झालेली वीज आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिला पुन्हा स्वच्छ ५० आवर्तनांची करून देतं. म्हणून भार कमी असला की इंजिन सावकाश चालतं, आवाज कमी होतो, पेट्रोल वाचतं, आणि टीव्ही-लॅपटॉपसारख्या नाजूक वस्तूंना त्रास होत नाही. किंमत मात्र बरीच जास्त. कोकणातल्या जुन्या लोकांना आणखी एक जात आठवत असेल. पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर वळवायची. लग्नाच्या मांडवामागे धडधडणारी ती यंत्रं आता रॉकेलच मिळेनासं झाल्यामुळे मागे पडली.

किती ताकदीचा घ्यावा, हा प्रश्न बहुतेक जण दिवे-पंखे मोजून सोडवतात. तिथेच चूक होते. एलईडी दिवा ९ वॉटचा, साधा छताचा पंखा ७५ वॉटचा, टीव्ही शंभराच्या आत, फ्रिज चालू असताना दीडशे-दोनशे वॉट. सगळं मिळून पाचशे-सहाशे वॉट होतात आणि माणूस खुशीत एक केव्हीएचा जनरेटर घेऊन येतो. मग पंपाचा खटका दाबला की जनरेटर घुसमटतो, दिवे मंदावतात, पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही. असा गुणगुणणारा पंप मिनिटभर तसाच ठेवला तर त्याचं वाइंडिंग जळतं.

याचं कारण असं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण ते मोटरच्या आसावर मिळणारं काम झालं. ते मिळवायला विजेकडून हजारभर वॉट ओढावे लागतात. शिवाय उभी असलेली मोटर फिरायला लागते त्या पहिल्या क्षणी चालू प्रवाहाच्या तीन ते सहा पट प्रवाह मागते. महावितरणच्या लाइनला हा झटका जाणवतही नाही, कारण तिच्या मागे आख्खी डीपी असते. लहान जनरेटरच्या मागे कोणी नसतं. म्हणून दोन केव्हीएच्या जनरेटरवर अर्धा एचपीचा पंप बहुधा चालतो, एक एचपीचा चालेलच असं नाही; त्याला तीन केव्हीए किंवा त्याहून मोठा लागतो. बोअरमधल्या पाणबुड्या पंपाच्या बाबतीत तर घेण्यापूर्वी दुकानदाराला यंत्र घरी आणून पंप सुरू करून दाखवायला सांगावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा थोडा वेळ झेपणाऱ्या कमाल ताकदीचा असतो. सतत मिळणारी ताकद त्याखाली बारीक अक्षरात असते. हिशोब त्या बारीक आकड्याचा करायचा.

भार लावण्याचाही एक क्रम आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून आधी एकटा पंप सुरू करायचा. टाकी भरली की पंप बंद, मग फ्रिज, मग बाकीचं किरकोळ. हजार लिटरची टाकी विहिरीवरच्या एक एचपीच्या पंपाने साधारण अर्ध्या तासात भरते, म्हणजे घराचा दिवसभराचा सगळ्यात मोठा प्रश्न पाऊण लिटर पेट्रोलच्या आत मिटला. गिझर, इस्त्री, इंडक्शनची शेगडी आणि एसी यांना या काळात हातही लावू नये. पाणी तापवायला कोकणात अजून पाणचूल आहे.

आता जागेचा प्रश्न.

वादळात पाऊस असतोच. जनरेटर पावसात भिजला तर शॉक बसायचं भय, आणि पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर यंत्रच बंद. म्हणून माणूस स्वाभाविकपणे तो उचलून पडवीत आणतो. वर छप्पर आहे, दोन बाजू उघड्या आहेत, धूर जाईल बाहेर, असा त्याचा विचार. शिवाय रात्री अंगणात ठेवला तर चोरीला जाईल ही धास्ती. काही जण जिन्याखाली ठेवतात, काही गोठ्यात, काही गाळ्याचं शटर अर्धं वर करून आत. शहरात फ्लॅटच्या गॅलरीत ठेवणारेही असतात.

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर इथे रात्री वीज गेली म्हणून घरात जनरेटर लावला गेला. सकाळपर्यंत एकाच कुटुंबातले सहा जण गुदमरून गेले. घराला आग लागली नाही, कुणाला शॉक बसला नाही. झोपेत धूर भिनला, एवढंच.

या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू मारतो. त्याला रंग नाही, वास नाही. जनरेटरच्या धुराला जो वास येतो तो न जळालेल्या पेट्रोलचा. वास विरला म्हणजे वायू गेला असं मुळीच नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि सुटायचं नाव घेत नाही. श्वास चालू राहतो, छाती वरखाली होते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळून जातात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी दमलेल्या, उपाशी माणसाला यात काही वेगळं वाटत नाही. तो म्हणतो, जरा पडतो. आणि झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणंही कळत नाहीत.

कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. या विषबाधेत त्यावर अजिबात विसंबू नये. ते यंत्र रक्ताचा रंग पाहून आकडा सांगतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच लाल दिसतं. माणूस मरणाच्या दारात असताना ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतं. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली आणि जवळ जनरेटर चालू असेल, तर आकडे बघत बसायचं नाही. सगळ्यांना उचलून मोकळ्या हवेत आणायचं, जनरेटर बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाही चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू लावला तर तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच. तिथे जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, नाहीतर तेही पित्ताची गोळी देऊन मोकळे होतील.

एवढ्याशा यंत्रातून असा किती वायू निघणार, असं वाटतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे एक लहान जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. मोटारींच्या धुराड्यात तो वायू जाळून टाकणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं, साध्या जनरेटरमध्ये ते नसतं. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा वादळ अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यावर आदळलं तेव्हा तिथे समुद्राच्या पाण्याने बुडून मेलेल्यांपेक्षा जनरेटरच्या धुराने मेलेल्यांची संख्या जास्त होती. ज्या देशात घरोघरी जनरेटर आहेत आणि प्रत्येक वादळाआधी टीव्हीवर सूचना दिल्या जातात, तिथली ही गोष्ट आहे.

तोच आयोग सांगतो की जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवावा. वीस फूट म्हणजे अंगणातली साधारण दहा पावलं. सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला हवं, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. वाडीत घरं एकमेकांना लागून असतात, आपला धूर त्यांच्या माजघरात जायचा. जनरेटरच्या बाजूच्या खिडक्या-दारं बंद ठेवायची. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाकून चारही बाजूंनी उघडी अशी खोप करायची, खाली चिऱ्याचा नाहीतर सिमेंटचा उंचवटा, म्हणजे पाणी साचणार नाही. प्लास्टिकचा कागद गुंडाळून जनरेटर झाकणं म्हणजे आग लावायला आमंत्रण. चोरीची भीती असेल तर साखळीने खांबाला जखडावा. पडवी, गोठा, जिन्याखालची जागा, गॅरेज, गॅलरी यातली एकही जागा चालत नाही. दार उघडं ठेवलं तरी नाही आणि पंखा लावला तरी नाही. हे लिहिताना थोडा कडक सूर लागतो आहे याची जाणीव आहे. पण इथे सवलत द्यायला जागाच नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अशी जागा मिळणं जवळपास अशक्य, तेव्हा त्यांनी जनरेटरचा नाद सोडून बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्यावा.

जागा ठरली की जोडणी. इथे एक वायर आहे जिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. दीड-दोन मीटर लांबीची, दोन्ही टोकांना पिना बसवलेली. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. खटका दाबला की घरभर लाइट. गावातला हुशार पोरगा ती दहा मिनिटांत करून देतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात.

या वायरमध्ये तीन धोके एकत्र नांदतात. पहिला उघड आहे. एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना जिवंत असतात आणि त्या कुणाच्याही हाताला लागू शकतात. दुसरा असा की घरातला मेन स्विच पाडायचा राहिला आणि महावितरणची लाइट आली, तर दोन विजा आमनेसामने येतात. अल्टरनेटर जळतो, कधी पेटही घेतो. तिसरा धोका घरातल्या कुणालाच दिसत नाही. मेन पाडलेला नसेल तर जनरेटरची २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि खांबावरून डीपीपर्यंत जाते. डीपीचं काम ११ हजार व्होल्ट उतरवून घरगुती करायचं. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून २३० घातले की वरच्या बाजूला तो दहा-अकरा हजार व्होल्ट तयार करतो. त्या तारेवर त्या वेळी कोण असतं? लाइन बंद आहे याची खात्री करून खांबावर चढलेला वायरमन. वादळानंतर इतर जिल्ह्यांतून आलेला, चिखलात दिवसभर राबणारा, ज्याची सगळं गाव वाट पाहत असतं तोच.

कुणी म्हणेल, डीपीवरच्या सगळ्या घरांचा भार ओढताना लहान जनरेटर आधीच बंद पडेल. बहुतेक वेळा पडतोही. पण वादळात तारा तुटलेल्या असतात, कधी तुमचं घर आणि डीपी एवढाच तुकडा जोडलेला उरतो आणि मग भारच नसतो. आणि पुढच्या तारेला हात लागायला एक क्षण पुरतो. ‘मेन पाडला की झालं’ हा युक्तिवादही तकलादू आहे. तो पाडायची आठवण रोज, अंधारात, पावसात, घरातल्या प्रत्येकाला राहिली पाहिजे. त्यातून जुन्या घरांतला एकेरी कट-आउट फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते.

यावर उपाय साधा आणि फार महाग नसलेला आहे. चेंजओव्हर स्विच. मीटर आणि घराच्या बोर्डाच्या मध्ये तो बसवतात. त्याच्या दांड्याला तीन जागा असतात: एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दांडा एका वेळी एकाच जागी असू शकतो, त्यामुळे दोन विजा एकत्र येणं किंवा आपली वीज बाहेर जाणं शक्यच राहत नाही. माणसाच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही, हा त्याचा मोठा गुण. घेताना तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल आहे हे पाहावं, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. त्याच वेळी जनरेटरच्या अर्थिंगबद्दल आणि बोर्डातला ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पडणारा स्विच, जनरेटरवर नीट काम करतो का याबद्दल त्याला विचारावं. अनेक लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेली नसते, टेस्टर लावला तर दोन्ही तारांवर मिणमिणतो, आणि तशा स्थितीत ईएलसीबी पडेलच याची हमी नसते.

चेंजओव्हर बसवायला वेळ नाही, वादळ दारात आहे, अशी वेळ आली तर घराच्या वायरिंगला हात न लावता जनरेटरवरून थेट वायर ओढून एकेक वस्तू चालवावी. वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, मजबूत आवरणाची असावी, आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या वायरमधून पंपाचा प्रवाह गेला तर आतली उष्णता कोंडून आवरण वितळतं. जोड पाण्यात पडणार नाहीत असे उचलून ठेवायचे. दिसायला हे गबाळं दिसतं, पण दोन पिनांच्या वायरीपेक्षा शंभरदा बरं.

खर्चाबद्दल थोडं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांइतकी उष्णता असते. लहान इंजिन आणि अल्टरनेटर मिळून तिच्यातल्या जेमतेम पाचव्या-सहाव्या भागाची वीज करून देतात, म्हणजे चांगल्या भारावर लिटरला दीड युनिट धरा. लिटर शंभराच्या पुढे असताना युनिट सत्तर रुपयांच्या आसपास पडतं. हे झालं भार चांगला असताना. साधा जनरेटर फक्त दोन दिवे आणि एका पंख्यासाठी लावला तरी तासाला अर्धा लिटर पितोच, कारण त्याला ३००० फेरे मारायचेच आहेत. शंभर वॉटसाठी अर्धा लिटर, म्हणजे एका युनिटला पाच लिटर! रात्रभर पंख्यासाठी जनरेटर चालवणं हा शुद्ध उधळेपणा आहे. रात्र बॅटरीवर काढावी, जनरेटर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवावा. बंद दाराचा फ्रिज चारेक तास गार राहतो, भरलेला फ्रीजर त्याहून बराच जास्त, फक्त दार सारखं उघडायचं नाही.

ज्यांच्या घरी बॅटरीचा इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याच दोन तासांत तो चार्ज करायला लावावा. १५० अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासांत भरत नाही, पाचवा भाग भरली तर पुष्कळ. पण तेवढ्यावर दिवे आणि मोबाइल निघतात. बऱ्याच जणांची एक तक्रार असते: जनरेटर चालू आहे, घरात लाइट आहे, पण इन्व्हर्टर वीज घेतच नाही. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक लहानसा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल लिहिलेलं असतं. यूपीएसवर असताना इन्व्हर्टर फार चोखंदळ असतो, जनरेटरची जरा कमी-जास्त होणारी वीज नाकारतो. तो खटका दुसरीकडे केला की बहुधा प्रश्न सुटतो.

पेट्रोल आधीच आणून ठेवायला हवं, कारण पंपावरचं यंत्रही विजेवरच चालतं. विक्रीसाठी नसेल तर एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला कायद्याने परवाना लागत नाही, पण म्हणून तेवढं घरात भरावं असं नाही. धातूच्या झाकणबंद कॅनमध्ये, घराबाहेर, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, दहा-बारा लिटर पुरे. तेही चार महिने तसंच ठेवायचं नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. जुनं झालेलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतून संपवावं आणि कॅनमध्ये ताजं भरावं. जनरेटर काही महिने ठेवून द्यायचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी इंजिन पेटत नाही, याचं नेहमीचं कारण कार्बोरेटरमध्ये चिकटून बसलेलं जुनं पेट्रोल. दुसरं कारण कोकणातलं खास: कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घरटं बांधून ठेवते. तोंडावर जाळीचा तुकडा बांधून ठेवावा आणि सुरू करताना आठवणीने काढावा.

महिन्यातून एकदा जनरेटर अंगणात काढून वीसेक मिनिटं भारावर चालवावा. आधी सपाट जागी ठेवून ऑइलची काडी बघायची; लहान इंजिनात ऑइल कमी झालं की काही यंत्रं स्वतःहून बंद पडतात, काही पडत नाहीत आणि जाम होतात. मग कॉक उघडायचा, चोक ओढायचा, खटका चालूवर, दोरी आधी हळू ओढून जिथे अडते तिथपर्यंत आणायची आणि मग एका सपाट्यात झटका. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत. दोन मिनिटं नुसतं चालू द्यायचं आणि मगच चेंजओव्हर फिरवायचा. बंद करताना याच्या उलट: आधी भार काढायचा, मग इंजिन. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ दिल्यावर. रात्री मध्येच पेट्रोल संपलं म्हणून तापल्या सायलेन्सरजवळ मेणबत्ती घेऊन कॅन ओतणाऱ्यांना मोबाइलचा टॉर्च आठवत कसा नाही, कळत नाही.

अरबी समुद्रातली वादळं प्रामुख्याने मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. कोकणातले इलेक्ट्रिशियन मे महिन्याच्या शेवटी कुणाला मिळत नाहीत, तेव्हा चेंजओव्हरचं काम एप्रिलमध्येच उरकून घ्या. खोपही तेव्हाच बांधा. आणि जनरेटरच्या टाकीवर ऑइलपेंटने दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: रुग्णवाहिकेसाठी १०८, तार तुटून पडलेली दिसली तर महावितरणसाठी १९१२.